लोयांगचे श्वेताश्व मंदिर: दोन भारतीय भिक्खूंच्या समाधींपासून सुरुवात करावी

पायवाट

चीनला पर्यटनासाठी जाणारे बहुतेक मराठी प्रवासी बेजिंग आणि शांघाय पाहतात, आणि फार तर शिआनचे मातीचे सैनिक पाहून परततात. शिआनहून पूर्वेकडे वेगवान रेल्वेने दीड-दोन तासांत लोयांग येते. हेनान प्रांतातील हे शहर पूर्व हान आणि उत्तर वेई या राजवटींची राजधानी होते, आणि तांग काळातही त्याला दुसऱ्या राजधानीचा मान होता. शहराच्या पूर्वेला सुमारे १२ किलोमीटरवर बायमा स, म्हणजे श्वेताश्व मंदिर आहे. चिनी परंपरा त्याला चीनमधील पहिले बौद्ध मंदिर मानते आणि त्याची स्थापना इ.स. ६८ मध्ये झाली असे सांगते.

हा धागा काढण्याचे कारण असे की, भारतीय प्रवाशांच्या वर्णनांत या मंदिराचा एकच भाग पुन्हा पुन्हा येतो, तो म्हणजे सांचीच्या धर्तीवर उभारलेला भारतीय स्तूप. तो सुंदर आहे आणि त्याविषयी मी पुढे लिहिणारच आहे. पण तेथे छायाचित्रे काढून बसमध्ये परत बसणाऱ्याने श्वेताश्व मंदिर पाहिले असे मला म्हणवत नाही. जुने मंदिर आधी, निवांतपणे, दक्षिणेकडून उत्तरेकडे चालत पाहावे आणि भारतीय विभागाकडे शेवटी वळावे, असे माझे ठाम मत आहे.

परंपरेची कथा थोडक्यात अशी. पूर्व हान घराण्यातील सम्राट मिंग (कारकीर्द इ.स. ५७ ते ७५) याला स्वप्नात सोन्यासारखा तेजस्वी पुरुष दिसला. पश्चिमेकडे बुद्ध नावाचे दैवत आहे, असे दरबाऱ्यांनी सांगितल्यावर त्याने दूत पाठवले. आजच्या अफगाणिस्तानाच्या परिसरात, यूएझी लोकांच्या प्रदेशात, त्यांना काश्यप मातंग आणि धर्मरत्न हे दोन भारतीय भिक्खू भेटले. पांढऱ्या घोड्यांवर ग्रंथ आणि बुद्धमूर्ती लादून ते सर्व लोयांगला आले आणि सम्राटाने त्यांच्यासाठी हे मंदिर बांधले. बेचाळीस लहान परिच्छेदांचे एक सूत्र या दोघांनी येथे चिनीत आणले, असे मानले जाते. दोघेही पुन्हा भारतात गेले नाहीत.

मंदिराचे महाद्वार दक्षिणाभिमुख असून त्याला तीन कमानी आहेत. समोर दोन दगडी घोडे मान खाली घालून उभे आहेत. बहुतेक जण हेच कथेतले घोडे समजून त्यांच्यापाशी गर्दी करतात. प्रत्यक्षात हे सोंग राजवटीच्या काळातील शिल्प आहे. राजघराण्याच्या एका जावयाच्या थडग्यासमोर असलेले हे घोडे १९३० च्या दशकात मंदिराच्या दुरुस्तीच्या वेळी येथे आणले गेले. त्यामुळे त्यांचे मोल कमी होत नाही. पाठीवर खोगीर, शांत चेहरा आणि भार वाहून आल्यासारखी किंचित वाकलेली मान, हे शिल्प या जागेला फार शोभते.

आत शिरल्यावर लगेच पुढच्या दालनाकडे जाऊ नये. पहिल्याच अंगणात पूर्वेला काश्यप मातंगांची आणि पश्चिमेला धर्मरत्नांची समाधी आहे. दगडी कठडा असलेले, माथ्यावर गवत आणि झाडोरा वाढलेले ते गोल मातीचे उंचवटे आहेत. मूर्ती नाही, सोने नाही, त्यामुळे गर्दी तेथून झपाट्याने पुढे सरकते. माझ्या मते संपूर्ण मंदिरात सर्वांत जास्त वेळ थांबण्याजोग्या याच दोन जागा आहेत. परदेशातून आलेल्या दोन अनुवादकांना एखाद्या शहराने आपल्या पहिल्या मंदिराच्या दारातच जागा द्यावी आणि इतक्या राजवटी येऊन गेल्या तरी ती राखावी, याची दुसरी उदाहरणे मला फारशी ठाऊक नाहीत.

त्यानंतर मध्यरेषेवर एकामागून एक दालने येतात. पहिले दालन चार लोकपालांचे. त्याच्या मध्यभागी हसऱ्या चेहऱ्याचा, मोठ्या पोटाचा मैत्रेय बसलेला आहे. आपल्याकडे भेटवस्तूंच्या दुकानांत ‘लाफिंग बुद्धा’ म्हणून मिळतो तो हाच. तो गौतम बुद्ध नव्हे, तर भावी बुद्ध मैत्रेय होय. बुदाई नावाच्या एका भटक्या चिनी भिक्खूला लोक मैत्रेयाचा अवतार मानू लागले आणि त्याच्या रूपात मैत्रेय घडवला जाऊ लागला. पुढच्या बुद्ध दालनात शाक्यमुनींच्या दोन्ही बाजूंस महाकाश्यप आणि आनंद, तसेच मंजुश्री आणि समंतभद्र आहेत. याच मूर्तिसमूहाच्या पाठीमागे उत्तरेकडे तोंड करून अवलोकितेश्वर, म्हणजे चीनची ग्वानयिन, बसलेली आहे. मागच्या दाराने बाहेर पडताना मान वळवली नाही तर ती हमखास राहून जाते. तिसऱ्या महावीर दालनातील (येथे ‘महावीर’ हे बुद्धाचेच विशेषण आहे) अर्हतांविषयी, म्हणजे मुक्ती मिळवलेल्या बुद्धशिष्यांविषयी, कोणीतरी जाणकाराने लिहावे, ती माझी विनंतीच समजावी.

सर्वांत मागे चिंगल्यांग नावाचा विटांचा उंच चौथरा आहे. सम्राट मिंग उन्हाळ्यात येथे वाचनासाठी येई आणि पुढे दोन्ही भिक्खूंनी येथेच राहून भाषांतर केले, अशी श्रद्धा आहे. वर वैरोचन बुद्धाचे दालन आहे आणि बाजूच्या लहान खोल्यांत दोन्ही भिक्खूंच्या मूर्ती आहेत. जुनी झाडे आणि उंची यांमुळे येथे खालच्या अंगणांपेक्षा खूप शांतता असते.

आता जागेविषयी एक गोष्ट, जी मला या भेटीत सर्वांत महत्त्वाची वाटली. आज आपण मंदिराला जातो ते शहरातून पूर्वेकडे. सहाव्या शतकात लिहिलेल्या लोयांगच्या मंदिरांच्या वृत्तान्तात मात्र हे मंदिर शहराच्या पश्चिम वेशीबाहेर तीन ‘ली’वर (‘ली’ हे चिनी अंतराचे माप), राजमार्गाच्या दक्षिणेला असल्याचे नोंदवले आहे. दोन्ही बरोबर आहे. हान आणि वेई काळातील लोयांग मंदिराच्या पूर्वेला होते. आज तेथे शेते आणि उत्खननाच्या जागा आहेत. इ.स. ६०५ मध्ये सुई सम्राटाने नवे लोयांग पश्चिमेला वसवले. मंदिर आपल्या जागी राहिले आणि शहर त्याच्या एका अंगाकडून दुसऱ्या अंगाला गेले. त्याच वृत्तान्तात मंदिराच्या स्तूपासमोरील डाळिंबांचे आणि द्राक्षांचे वर्णन आहे. तेथील एका गोड डाळिंबाला बैलाची किंमत येते, असे त्या काळी लोयांगचे लोक म्हणत.

महाद्वाराच्या आग्नेयेस चीयुन स्तूप आहे. मूळ लाकडी स्तूप बाराव्या शतकात युद्धात जळाला आणि आजचा तेरा मजल्यांचा चौकोनी विटांचा स्तूप जिन राजवटीत, ११७५ मध्ये उभारला गेला. हा परिसर भिक्षुणींचा आहे आणि मुख्य मंदिरापेक्षा अधिक निगुतीने राखलेला वाटतो. स्तूपाच्या दक्षिणेला ठरावीक अंतरावर उभे राहून टाळी वाजवली की प्रतिध्वनी बेडकाच्या डरावण्यासारखा येतो. एकावर एक आलेल्या वळचणींवरून आवाज तुटक परतत असल्यामुळे तसे होते.

पश्चिमेच्या आंतरराष्ट्रीय विभागात थायलंड, भारत आणि म्यानमार यांची मंदिरे आहेत. २००३ मध्ये पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांनी श्वेताश्व मंदिराला भेट दिली होती. पुढे २००५ मध्ये दोन्ही देशांत येथे भारतीय शैलीचे मंदिर उभारण्याचे ठरले आणि २९ मे २०१० रोजी राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. बाहेरून सांचीसारखा घुमट आणि तोरण, आत सारनाथच्या धर्मचक्रप्रवर्तन मुद्रेतील मूर्तीवर बेतलेला बुद्ध, अशी त्याची रचना आहे. ज्या कालखंडातील शिल्पपरंपरा चीनपर्यंत पोहोचली, तिचे मूळ रूप आणि तिचे चिनी रूप येथे एकाच आवारात तुलना करून पाहता येते. ही तुलना साधायची तर चिनी दालने आधी पाहिलेली असावी लागतात, म्हणून हा सगळा आग्रह.

ज्यांनी हे मंदिर पाहिले आहे त्यांनी भर घालावी आणि जे जाणार आहेत त्यांनी निःसंकोच विचारावे.

ताम्रपट

लेख आवडला. समाधींविषयीचे आपले म्हणणे पटले. मात्र इ.स. ६८ या सालाविषयी थोडे सावधपणे लिहायला हवे होते, असे वाटते.

सम्राटाच्या स्वप्नाची कथा ज्या ग्रंथांत प्रथम येते ते त्याच्या कारकिर्दीनंतर बऱ्याच काळाने लिहिलेले आहेत आणि कथेचा तपशील प्रत्येक ठिकाणी वाढत गेलेला दिसतो. फ्रेंच चीनतज्ज्ञ आंरी मास्पेरो यांनी विसाव्या शतकाच्या आरंभीच या कथेची चिकित्सा करून ती उत्तरकालीन ठरवली. श्वेताश्व मंदिर या नावाचा खात्रीचा समकालीन उल्लेख येतो तो इ.स. २८९ च्या सुमाराचा. धर्मरक्ष या दुन्हुआंगच्या महान अनुवादकाने लोयांगमधील या नावाच्या मंदिरात भाषांतर केल्याची नोंद त्याच्या ग्रंथांच्या अखेरीस मिळते.

नावाचीही दुसरी कथा आहे. सहाव्या शतकातील थोर भिक्खूंच्या चरित्रसंग्रहात असे सांगितले आहे की, परदेशातील एका राजाने सर्व विहार पाडायला घेतले होते. शेवटचा एक विहार उरला असताना रात्री एक पांढरा घोडा स्तूपाभोवती फिरत करुण आवाजात खिंकाळला. ते ऐकून राजाने पाडापाडी थांबवली आणि त्या विहाराला श्वेताश्व असे नाव दिले. पुढे अनेक मंदिरांनी तेच नाव घेतले. या कथेत ग्रंथ वाहून आणणारा घोडा कोठेही नाही.

याचा अर्थ पहिल्या शतकात चीनमध्ये बौद्ध धर्म नव्हता असा अजिबात नाही. इ.स. ६५ च्या एका राजाज्ञेत, म्हणजे याच सम्राट मिंगच्या आज्ञेत, चू प्रांताचा राजपुत्र यिंग बुद्धाची उपासना करतो आणि श्रमण व उपासकांना भोजन देतो, असा उल्लेख अधिकृत इतिहासात आहे. म्हणजे ज्या वर्षी सम्राटाचे दूत बुद्धाच्या शोधात वाटेवर होते असे कथा सांगते, त्या वर्षी त्याचा भाऊच बुद्धपूजा करत होता. लोयांगमधील सुसंघटित भाषांतरकार्य आपल्याला निश्चितपणे दिसते ते इ.स. १४८ च्या सुमारास आलेल्या पार्थियाच्या आन शिगाओपासून, आणि त्यानंतरच्या लोकक्षेमापासून.

पायवाट

ताम्रपट, आपण दिलेले सर्व तपशील महत्त्वाचे आहेत. ‘परंपरा सांगते’ असे मी जाणीवपूर्वक लिहिले होते. पण इतक्या नेमकेपणाने त्याची कारणे दिलीत हे उत्तम झाले.

कथा ऐतिहासिक कसोटीला पूर्ण उतरत नसली तरी मंदिराच्या आवारात ती प्रत्येक दगडावर कोरल्यासारखी आहे, आणि ते समजून घेतल्याशिवाय तेथील मांडणीचा अर्थ लागत नाही. समाधी दाराशी का, सर्वांत उंच चौथरा भाषांतरासाठी का, बाजूच्या खोल्यांत भिक्खूंच्या मूर्ती का, या सर्वांचे उत्तर त्या कथेतच आहे. शिवाय एका गोष्टीकडे माझे लक्ष वेधले जाते. आपला धर्मवृत्तान्त रचताना चिनी बौद्धांनी पहिला मान कोणा विजेत्याला किंवा चमत्कार करणाऱ्याला दिला नाही, तो भाषांतर करणाऱ्यांना दिला. ही निवड मला विचार करायला लावणारी वाटते.

मंदिराने पाहिलेले चढउतारही या कथेइतकेच खरे आहेत. इ.स. ६८५ मध्ये सम्राज्ञी वू झेतिएनने आपल्या मर्जीतील श्वे ह्वाययीला येथे प्रमुख नेमले आणि मंदिराचा मोठा विस्तार केला. आन लुशानच्या बंडानंतर तांग कवी चांग ची येथे एक रात्र राहिला, तेव्हा त्याला तुटलेले शिलालेख आणि भग्न मंदिर दिसले. आज उभी असलेली दालने मुख्यतः मिंग आणि चिंग राजवटींच्या काळातील, म्हणजे चौदाव्या शतकानंतरची आहेत. १५५६ च्या सुमारास मोठी पुनर्बांधणी झाली. तेव्हा दोन हजार वर्षांची इमारत पाहायला आलो आहोत अशी अपेक्षा ठेवून कोणी जाऊ नये. टिकून राहिली आहे ती जागा आणि तिची स्मृती.

शिल्पवेडी

महावीर दालनातील अर्हतांविषयी आपण विचारले आहे, म्हणून लिहिते.

या दालनात तीन बुद्ध, दोन रक्षक आणि अठरा अर्हत आहेत. ते कोरड्या रोगणाच्या पद्धतीने घडवलेले असून युआन काळातील, म्हणजे तेराव्या-चौदाव्या शतकातील आहेत. पद्धत अशी की, आधी मातीचा साचा घडवायचा, त्यावर झाडाच्या चिकापासून केलेल्या रोगणात भिजवलेल्या कापडाचे थर एकावर एक चढवायचे, प्रत्येक थर वाळू द्यायचा आणि शेवटी आतील माती काढून टाकायची. उरते ती पोकळ, अतिशय हलकी आणि तरीही कणखर मूर्ती. कापडाचा थर पातळ असल्यामुळे कपाळावरची आठी, ओठांची मुरड, वस्त्राची चुणी असे बारकावे त्यात जसे उमटतात तसे जाड मातीत उमटत नाहीत. अठरांपैकी प्रत्येकाचा चेहरा वेगळा आहे. एक वादात रमलेला, एक स्वतःशीच हसणारा, एक थकलेला. दाराशी उभे राहून एका नजरेत पाहण्याऐवजी एका बाजूने एकेक चेहरा पाहत जावे. आत छायाचित्रण करू देत नाहीत आणि मला वाटते त्यामुळेच माणसे खरोखर पाहतात.

या मूर्ती मूळच्या येथील नाहीत हेही नोंदवायला हवे. सांस्कृतिक क्रांतीच्या काळात, १९६६ मध्ये, मंदिरातील बऱ्याच मूर्ती नष्ट झाल्या. १९७३ मध्ये कंबोडियाचे राजपुत्र सिहानुक यांना हे मंदिर पाहायचे होते, त्यासाठी घाईने दुरुस्ती झाली आणि बेजिंगच्या राजवाड्यातील एका बुद्धदालनातून हा संपूर्ण मूर्तिसमूह लोयांगला आणला गेला. जागा एकीकडची आणि मूर्ती दुसरीकडच्या, याचे मला वाईट वाटत नाही. एवढ्या नाजूक वस्तू त्या काळातून सुखरूप वाचल्या आणि आजही त्यांच्यापुढे उदबत्ती लावली जाते, हे मी भाग्याचेच समजते.

लोयांगला गेल्यावर लोंगमेन लेणी पाहणे अपरिहार्य आहे, आणि आपल्याकडच्या माणसाने तर दोन्ही स्थळे एकाच मुक्कामात पाहावीत. कार्ले किंवा अजिंठा पाहिलेल्या डोळ्यांना लोंगमेनमध्ये ओळखीचे खूप काही सापडते: नदीकाठचा कडा, दगडातच कोरलेले बुद्ध, दात्यांचे लेख. फेंगशियान विहारातील १७.१४ मीटर उंचीचा वैरोचन ६७५ मध्ये पूर्ण झाला; त्यासाठी वू झेतिएनने आपल्या सौंदर्यप्रसाधनांच्या खर्चातून वीस हजार नाण्यांच्या माळा दिल्याचे तेथील लेखात कोरलेले आहे. श्वेताश्व मंदिराची लाकडी स्थापत्यपरंपरा मात्र पूर्णपणे चिनी आहे. राजवाड्यासारखी अंगणे, निळसर-करड्या कौलांची छपरे, दक्षिणेकडे तोंड. लेण्यांतून भारत जेवढा सहज जाणवतो तेवढा तो या अंगणांतून जाणवत नाही, तो मूर्तींच्या हातांच्या मुद्रांत शोधावा लागतो.

बोधिपर्ण

आम्ही नागपूरचे बौद्ध कुटुंब. आईवडिलांना घेऊन पुढील वर्षी जाण्याचा विचार आहे. माझे प्रश्न दर्शनापेक्षा वंदनेविषयी आहेत. तेथे आपल्या पद्धतीने त्रिसरण-पंचशील म्हणता येते का? चिनी उपासकांच्या रीती वेगळ्या असतील, तर नकळत कोणाचा अनादर होऊ नये, असे आईला फार वाटते. वडिलांना गुडघ्यांचा त्रास आहे, हेही लक्षात घेऊन सांगावे.

पायवाट

बोधिपर्ण, आपल्या आईंना सांगा की, काळजीचे कारण नाही. शांतपणे, इतरांच्या मार्गात न येता, हात जोडून त्रिसरण म्हणण्यास कोणी हरकत घेत नाही. चिनी विहारांत सकाळ-संध्याकाळच्या पाठात बुद्ध, धर्म आणि संघ यांना शरण जाण्याचे वचन रोज म्हटले जाते. शब्द निराळे असले तरी वंदना तीच आहे. भिक्खू समोर आल्यास हात जोडून ‘अमितोफो’ म्हणावे, तेथील अभिवादन तेच आहे आणि उत्तरादाखल तेही तेवढ्याच आदराने हात जोडतात.

रीतींविषयी एवढे पुरे आहे: दालनात जाताना उंच लाकडी उंबरठ्यावर पाय देऊ नये, तो ओलांडावा, मधल्या दाराऐवजी बाजूने आत जावे, मूर्तीकडे बोट दाखवू नये. उपासक साधारणतः तीन उदबत्त्या पेटवून कपाळापर्यंत नेतात, वाकून वंदन करतात आणि त्या अंगणातील मोठ्या धूपपात्रात लावतात. पेटत्या उदबत्त्या दालनाच्या आत नेत नाहीत. गुडघे टेकण्यासाठी समोर गाद्या ठेवलेल्या असतात; आपल्या वडिलांनी उभ्याने हात जोडले तरी त्यात काही कमी नाही. चिंगल्यांग चौथऱ्याला पायऱ्या आहेत आणि आवारही मोठे आहे, त्यामुळे त्यांच्यासाठी मध्ये मध्ये बसण्याचा वेळ धरूनच बेत आखावा.

पाली वंदना मोठ्याने आणि निवांत म्हणायची इच्छा असेल तर भारतीय मंदिर त्यासाठी अधिक योग्य आहे. सारनाथच्या मुद्रेतील बुद्धासमोर बसायला मोकळी जागा आहे. थाई आणि म्यानमारच्या मंदिरांत थेरवादी परंपरेच्या मूर्ती आहेत. म्यानमारचे मंदिर यांगूनच्या श्वेडगॉनच्या धर्तीवर असून २०१४ मध्ये ते पूर्ण झाले. आपल्या घरी वंदना पालीत होते, त्यामुळे या तीनही ठिकाणी आईंना परकेपणा जाणवणार नाही, असे वाटते.

शांघायवासी

कामानिमित्त अनेक वर्षे चीनमध्ये राहत असल्यामुळे व्यवहाराच्या काही गोष्टी लिहितो.

वेगवान रेल्वे शहराच्या दक्षिणेकडील लोयांग लोंगमेन या स्थानकावर थांबते. तिकिटे पारपत्रावर निघतात आणि स्थानकात शिरताना तेच दाखवावे लागते, त्यामुळे पारपत्र खोलीवर ठेवून निघू नये. मंदिराकडे शहरातून सार्वजनिक बस जाते. वडीलधारी माणसे सोबत असतील तर टॅक्सी करणे सोयीचे. पैसे देण्याचा व्यवहार जवळपास सर्वत्र अलीपे किंवा वीचॅटवरून, मोबाइलने चौकोनी संकेत टिपून होतो. भारतातून निघण्यापूर्वीच यांपैकी एकात आपले आंतरराष्ट्रीय कार्ड जोडून ठेवावे. गुगलचे नकाशे आणि व्हॉट्सॲप तेथे सहजपणे चालत नाहीत, म्हणून मंदिराचे आणि हॉटेलचे नाव चिनी लिपीत फोनमध्ये साठवून ठेवल्यास चालकाला दाखवता येते.

शाकाहाराविषयी नेहमी विचारणा होते. चिनी बौद्ध भिक्खू कडक शाकाहारी असतात. सहाव्या शतकात ल्यांग राजवटीच्या सम्राट वू याने हा नियम आग्रहाने रुजवला. कांदा-लसूणही त्यांना वर्ज्य असतो. त्यामुळे जैन किंवा वारकरी पथ्य पाळणाऱ्यांनाही चिनी शहरांत सर्वांत निर्धोक जेवण मिळते ते विहारांच्या आसपासच्या शाकाहारी भोजनालयांतच. सोया, अळंबी आणि कमळकाकडी यांचे पदार्थ मासमच्छीसारखे दिसतील असे बनवतात, ते पाहून दचकू नये. लोयांगची प्रसिद्ध ‘पाण्याची मेजवानी’, म्हणजे एकामागून एक येणारे रस्सेदार पदार्थ, मात्र बहुतांशी मांसाहारी असते.

ऋतूचे म्हणाल तर एप्रिलमध्ये लोयांगचा पिओनी फुलांचा बहर असतो आणि मंदिरातही ती फुलतात. तेव्हाची गर्दी मोठी असते, हॉटेले महागतात. ऑक्टोबरचा पहिला आठवडा राष्ट्रीय सुटीचा असल्यामुळे तो टाळावाच. मी स्वतः नोव्हेंबरच्या सुरुवातीची शिफारस करेन. हवा थंड, पिंगट पाने आणि मोकळी अंगणे. सकाळी दार उघडताच आत गेल्यास अर्धा दिवस जुन्या मंदिराला आणि उरलेला आंतरराष्ट्रीय विभागाला पुरतो.

जुने_पुणे

या चर्चेत पुण्याचा एक संबंध नोंदवावासा वाटतो. भाषांतराच्या ज्या परंपरेचा आरंभ लोयांगशी जोडला जातो, तिच्यामुळे भारतात नष्ट झालेले अनेक ग्रंथ चिनीत टिकून राहिले. त्यांचा अभ्यास करून मूळ भारतीय विचार समजून घेण्याचे काम फर्ग्युसन महाविद्यालयातील अध्यापकांनी केले. धर्मानंद कोसंबींचे शिष्य प्राध्यापक पु. वि. बापट यांनी ‘विमुत्तिमग्ग’ या ग्रंथाच्या सहाव्या शतकातील चिनी भाषांतराची पाली ‘विसुद्धिमग्गा’शी तुलना करून १९३७ मध्ये ती प्रसिद्ध केली. पुढे १९७० मध्ये, उतारवयात, त्यांनी जपानी अभ्यासक हिराकावा यांच्यासह विनयावरील, म्हणजे भिक्खूंच्या नियमांवरील, भाष्याच्या चिनी भाषांतराचे इंग्रजी रूपांतर पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संस्थेतून प्रसिद्ध केले. हे चिनी भाषांतर संघभद्राने इ.स. ४८९ मध्ये पूर्ण केले होते. प्राध्यापक वा. वि. गोखले यांनीही चिनी आणि तिबेटी बौद्ध ग्रंथांवर आयुष्यभर काम केले.

श्वेताश्व मंदिरात जाणाऱ्या मराठी माणसाला काश्यप मातंग आणि धर्मरत्न यांच्या समाधींपाशी ही नावे आठवावीत, असे मला मनापासून वाटते. त्या दोघांनी जे तिकडे नेले असे म्हणतात, तेच परत वाचून घेण्याचे काम या माणसांनी केले.

एक प्रश्न. श्वेनत्सांग, ज्याला आपण शाळेत ह्युएनत्संग म्हणून शिकलो, तोही लोयांग परिसरातलाच ना? त्याच्या जन्मस्थानी जाता येते का?

पायवाट

जुने_पुणे, हा प्रतिसाद दिल्याबद्दल आभार. बापट सरांच्या त्या तुलनेविषयी वेगळा धागा निघाला तर फार उपयोगी होईल.

होय, श्वेनत्सांगचा जन्म इ.स. ६०२ च्या सुमारास आजच्या लोयांगच्या पूर्वेकडील यानशी भागात झाला आणि कोवळ्या वयात त्याने लोयांगमध्येच प्रव्रज्या घेतली. यानशीमध्ये त्याचे जन्मघर म्हणून स्मारक उभारलेले आहे. श्वेताश्व मंदिर शहर आणि यानशी यांच्यामध्ये असल्यामुळे टॅक्सी केल्यास एकाच दिवशी दोन्ही साधते. ६४५ मध्ये तो भारतातून चांगआनला, म्हणजे आजच्या शिआनला, परतला तेव्हा त्याच्या सामानात ६५७ ग्रंथ होते. त्याच्या प्रवासवृत्तात महाराष्ट्र देशाचे आणि पुलकेशी राजाचे वर्णन आहे. येथील लोक उपकाराची जाण ठेवणारे आणि अपमानाचा सूड घेणारे आहेत, असे त्याने लिहिले. डोंगरात कोरलेल्या एका मोठ्या संघारामाचे त्याने केलेले वर्णन अजिंठ्याचे असावे, असे अनेक अभ्यासक मानतात.

बोधिपर्ण, आपल्या वडिलांसाठी यानशी त्याच दिवशी जोडू नये, असे सुचवतो. सकाळी समाधी आणि जुनी दालने, दुपारी विश्रांती आणि जेवण, मग भारतीय मंदिरात वंदना, एवढाच बेत ठेवा. लोंगमेनला पायऱ्या बऱ्याच आहेत. त्यांना वर चढणे जमणार नसेल तर यी नदीच्या पलीकडच्या काठावरून वैरोचनाची मूर्ती संपूर्ण दिसते, आणि त्या काठावर चालणेही सोपे आहे.